मजेत, आणि तेही तिसऱ्या दिवशी

माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजणार हे मला ते शिजण्याआधी कळतं. बाजरी यायला लागली की थंडी पडली, नाचणी आली की डॉक्टरांनी दटावलं, आणि गव्हाचा डबा एकाएकी जड झाला की समजायचं, जावई मुक्कामाला आलेत. दळण होईपर्यंत माणूस उभा राहतो, आणि उभा माणूस बोलतोच. मी काही खोदून विचारत नाही. ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. पीठ ज्याचं त्याला परत देतो, बातमी दुसऱ्याला देतो, एवढाच काय तो फरक.

अशा माणसाला एक गोष्ट वर्षभर पोटात ठेवावी लागली. माझी बायको मैना म्हणते, माझं पोट सुटलं ते त्याच वर्षात. आता जिची गोष्ट होती तिनंच तोंडावरचं कुलूप काढलंय. म्हणून लिहितो.

आमचे शेजारी पुंजाराम गांगुर्डे. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि तीही अशी पातळ की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मैना आमचा गॅस बारीक करते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत दोघांनी मिळून रंगाचा मोठा डबा घेतला, स्वस्त पडला. त्यामुळे दोन्ही घरं एकाच आकाशी निळ्या रंगाची. हा रंग लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घोळ घातलाय.

पुंजाभाऊंची ओळख एका शब्दात होते. कुणीही विचारावं, "काय पुंजाभाऊ, जय भीम, कसे आहात?" की उत्तर ठरलेलं: "मजेत!" त्यातला 'जे' ते असा लांबवायचे की विचारणारा गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत पुरायचा. दूधवाल्याला मजेत, पोस्टमनला मजेत. चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईनं सवयीनं "कसे आहात?" विचारलं, तर तिलाही मजेत.

आता या माणसाला मजेत म्हणायला कारण काय होतं, ते ऐका. सातपूरला एका कंपनीत पॉवर प्रेसवर होते. त्या प्रेसनं उजव्या हाताची दोन बोटं नेली. मग काही वर्षांनी कंपनीच बंद पडली. मुलगी चैताली तेव्हा शाळेत. घरात पगार फक्त सुलाबाईंचा, तोही अंगणवाडी सेविकेचा, म्हणजे पगार म्हणायला जीभ अडखळावी असा.

त्या दिवसांत पुंजाभाऊ मजेत वगैरे काही म्हणत नसत, उलट होतं. कुणी "कसे आहात?" विचारायचा अवकाश, की ते गिरणीच्या पायरीवर बसून पहिल्यापासून सुरुवात करायचे. "आधी कंपनीनं बोटं नेली, मग कंपनीच गेली…" लोक डबा ठेवून पळायचे. माझं गिऱ्हाईक तुटायला लागलं, हे मी सुलाबाईंच्या कानावर घातलं. धंद्याचा प्रश्न होता.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो. मी भिंतीला कान लावला नव्हता. भिंतीनंच माझ्या कानाला तोंड लावलं.

"अहो, तुम्ही दिवसभर ज्याला भेटाल त्याला रडगाणं सांगता," सुलाबाई म्हणाल्या, "आणि तो माणूस अंगणवाडीत येऊन मला सांगतो. म्हणजे मला ते दोनदा ऐकावं लागतं. उद्यापासून कुणी विचारलं की मजेत म्हणायचं."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? मी कुठं म्हणते दिवसभर मजेत राहा. दिवसातून एक मजा शोधून आणायची. एक तर सापडतेच. ती संध्याकाळी मला सांगायची. सापडली म्हणजे मजेत म्हटलेलं खरं झालं."

"आणि नाही सापडली तर?"

"तर चहा नाही."

पुंजाभाऊ चहाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सुलाबाईंचा प्रश्न यायचा, "आज काय?" आणि पुंजाभाऊ दिवसाची मजा सांगायचे. पुढं त्यांनी शाळेच्या पोरांची रिक्षा चालवायला घेतली, मग तर सुगीच झाली. कुणी पोरानं डब्यात गोगलगाय आणली आणि तिला पोळी भरवली. पाथर्डी फाट्याला एका गाढवानं मोठ्या साहेबाची गाडी अडवली आणि हॉर्न दिला की गाढव ओरडून उत्तर द्यायचं. सुलाबाई हसायला लागल्या की त्यांच्या हातातला चहा हमखास सांडायचा. मग पुंजाभाऊंचा आवाज यायचा, "अगं माझ्या वाटणीचा तरी ठेव." भिंतीच्या अलीकडे आम्ही नवरा-बायको टीव्ही बारीक करून बसायचो. आमची मालिका तिकडेच चालू असायची.

नंतर सुलाबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ती हातातली सुजलेली शीर, पाण्याचा पेलासुद्धा मोजून. पण बाईनं "आज काय?" सोडलं नाही. कॉटवरूनच विचारायच्या. एकदा पुंजाभाऊ थकून म्हणाले, "आज काही नाही गं."

"मग मघाशी त्या वॉर्डबॉयला मजेत का म्हणालात? जा, शोधून आणा."

आणि गेले की हो हे! दवाखान्याला चक्कर मारून परत आले. लिफ्टमध्ये एक आजोबा प्रत्येक मजल्यावर उतरून "हेच का?" विचारत होते आणि लिफ्टमन दर वेळी "अजून वर आहे बाबा" म्हणत होता. सगळेच तिथं आजारी माणसं बघायला आलेले, पण 'अजून वर'वर अख्खी लिफ्ट हसली म्हणे. सुलाबाई त्या दिवशी इतक्या हसल्या की सिस्टर रागावली.

त्या गेल्या जानेवारीत, कडक थंडीत. आदल्या दिवशी पुंजाभाऊंनी त्यांची वेणी घातली होती, आठ बोटांनी. तीन पेडांची घालायला गेले आणि दोन पेडांची दोरी झाली. सुलाबाईंनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "आजची मी सांगते. मजा म्हणजे ही वेणी." हे पुंजाभाऊंनी मला घाटावरून परत येताना सांगितलं. मला काही बोलता आलं नाही. मला बोलता आलं नाही, यावरून काय ते समजा.

आता तिसरा दिवस.

सुलाबाईंना सख्खा भाऊ एकच, भिमाजी. येवल्याला पैठणीच्या मागावर बसतो. दिवसभर धाग्याशी काम, त्यामुळे बोलणं कमी, पण एकदा गाठ मारली की सुटत नाही. तो अंत्यविधीला येऊन गेला होता. सुलाबाईंची आत्या, बायडाबाई, हिला मात्र तेव्हा येता आलं नव्हतं. तिला तिसऱ्या दिवशी भिमाजीनं एसटीत बसवून दिलं.

बायडाबाई म्हणजे येवल्याच्या अंगाला मोठं नाव. कुणाच्या घरी मयत झाली आणि बायडाबाई रडायला आली नाही, तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. गेलेल्या माणसाचं लहानपणापासूनचं सगळं ती हेल काढून असं सांगते, की घरच्यांनाही नवीन माहिती मिळते. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रिक्षावाल्याला तिनं पत्ता सांगितला: गिरणीच्या गल्लीत, निळं घर. रिक्षावाल्यानं निळं घर बघून तिला उतरवलं.

माझं निळं घर.

मैना शेजारी चहापाणी बघायला गेलेली. मी घरात एकटा, दिवाणावर बसून वाटाणे सोलत होतो. दारातूनच हंबरडा आला, "सुले गं, माझी बाय गं!" मी उठायच्या आत म्हातारी आत आली, आणि समोर भिंतीवर हार घातलेल्या फोटोपुढं कोसळली. तो फोटो माझ्या सासूबाईंचा. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन.

फोटोला हात लावून बायडाबाई रडायला लागली. "काय गं दशा झाली तुझी आजारपणात! वळखू येईना गं! नाक केवढं झालं! सुले, लहानपणी किती गोड दिसायचीस गं, कुनाची नजर लागली!"

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? "आजी, चुकलात" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं माझाच गळा धरला. "जावईबापू! कसं झालं ओ!" आणि असं काही रडली, की माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मैनाला अजून खरं वाटत नाही, पण सासूबाईंसाठी मी मनापासून रडलो तो त्याच दिवशी. हातात वाटाण्याची शेंग तशीच.

रडणं भिंतीच्या चुकीच्या बाजूनं येतंय हे पुंजाभाऊंच्या लक्षात आलं. ते दारात येऊन उभे राहिले. एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा सासूबाईंच्या नाकाकडे. तीन दिवस त्या माणसाचा चेहरा दगडाचा होता. तो हलला. ओठ आवळले, मिशी थरथरली. पुढं होऊन त्यांनी बायडाबाईला हळूच उठवलं. "चला आत्या, आतल्या खोलीत चला." आणि आमच्या मागच्या दारातून, बोळातून, तिला आपल्या घरात असं नेलं, की म्हातारीला वाटावं आपण एकाच घरात फिरतोय.

जाताना माझ्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं.

मीही मागोमाग गेलो. आत बायका, गल्लीतली चार माणसं. तेवढ्यात पुंजाभाऊंचा फोन वाजला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर. उरलेल्या बोटांनी कुठलं बटण दाबलं जातं हे त्यांनाही कळत नाही.

"जय भीम दाजी. आत्या पोहोचली का?" भिमाजीचा आवाज.

"पोहोचली, पोहोचली."

"आणि तुम्ही कसे आहात?"

"मजेत!"

आणि हसले. दाबून धरलेलं जे होतं ते फुटलं. बारीकसंच, पण हसूच. फोनमध्ये स्वच्छ ऐकू गेलं.

फोनमधून काही वेळ नुसता मागाचा खटखटाट येत होता. मग भिमाजी म्हणाला, "असं?" आणि फोन बंद झाला.

पुढचं वर्ष वाईट गेलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिमाजी आला. भन्तेजींचं त्रिसरण-पंचशील होईपर्यंत हात जोडून बसला. जेवायला थांबला नाही. दारात चपला घालताना सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, मजेत हा तुमच्या सवयीचा शब्द, ते मला माहीत आहे. त्याचा राग नाही. पण तुम्ही हसलात. माझी बहीण जाऊन तीन दिवस, आणि तुम्ही हसलात. कशाला, तेवढं सांगा."

बायडाबाई आतल्या खोलीत पांढऱ्या लुगड्यात बायकांमध्ये बसलेली. पुंजाभाऊंनी एकदा तिकडे बघितलं. मी तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

"चुकलं माझं," ते भिमाजीला म्हणाले.

"मग चालू द्या तुमची मजा. या घरात मी आता येणार नाही."

तो गेल्यावर मी पुंजाभाऊंना मोरीजवळ गाठलं. "अहो, सांगून टाका ना! म्हातारी माझ्या घरात घुसली, सासूपुढं रडली, म्हणून हसलो. दोन वाक्यांचं काम!"

"गोरक्षा, ती आत्या आयुष्यभर लोकांच्या मयतीला मानानं जाते. तिचं रडणं चुकीच्या घरात, चुकीच्या फोटोपुढं झालं हे येवल्यात कळलं, तर लोक हसतील. पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही ती. तिला कळलेलंसुद्धा नाही. राहू दे. तुला सुलाची शपथ."

आता शपथ घालायची तर दुसऱ्या कुणाची घालावी माणसानं!

त्या दिवसापासून पुंजाभाऊंनी तो शब्द टाकला. "कसे आहात?" विचारलं की "आहे" म्हणायचे. फक्त 'आहे'. दूधवाल्यानं दोन-तीनदा छेडून बघितलं, मग त्यानंही सोडून दिलं. चैताली पुण्यात नोकरीला, ती मला फोन करायची. "गोरक्षकाका, पप्पा नुसतं 'आहे' म्हणतात हो. मला भीती वाटते." संध्याकाळी भिंतीपलीकडे सुलाबाईंच्या वेळेला शांतता. आम्ही टीव्ही मोठा करायचो, पण लक्ष लागायचं नाही. एकदा मीच भिंतीवर टकटक करून ओरडलो, "आज काय?" मग आवाज आला, "आज काही नाही रे." मैनानं माझ्याकडे रागानं बघितलं, मग स्वतःच डोळे पुसले.

खरं सांगतो, माणसाची बायको गेली हे दुःख आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं होतं. पण बायकोनं दिलेला शब्दही गेला, आणि तिचा एकुलता भाऊही गेला, हे मात्र बघवत नव्हतं. आणि इकडे माझ्या पोटात औषध तयार होतं आणि झाकण उघडायची परवानगी नव्हती! गिरणीत रोज कुणीतरी म्हणायचं, "तो भिमाजी म्हणे अजून रुसलाय, पुंजाराम हसला तरी कशाला?" मी पट्टा लावायचो आणि जात्याचा आवाज मोठा करायचो. दोन वेळा बाजरी ज्वारीत मिसळली.

पहिला स्मृतिदिन आला. सकाळी दहाच्या सुमारास गल्लीत एक जीप थांबली. बघतो तर भिमाजी. तो खाली उतरलाच नाही. बायडाबाईला उतरवून म्हणाला, "आत्या, तू जा. मी फाट्यावर चहाला थांबतो."

म्हातारीच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. काळा चष्मा, हातात काठी, आणि चाल अशी की फौजदारानं बघावं. पुंजाभाऊ आपल्या दारात उभे. ती त्यांच्यासमोरून सरळ पुढं गेली आणि माझ्या घरात शिरली.

"आत्या, दाजींचं घर ते बाजूचं!" भिमाजी जीपमधून ओरडला.

"मला म्हाईत हाय! म्हनून तर हितं आले. तू बी ये खाली."

"मी येणार नाही म्हणालो होतो."

"त्यांच्या घरात येनार नाय म्हनालास. हे घर गिरनीवाल्याचं हाय. ये मुकाट्यानं!"

वकिलाला सुचणार नाही असा मुद्दा. भिमाजी आला. मागोमाग पुंजाभाऊही आले. बायडाबाई माझ्या सासूबाईंच्या फोटोसमोर उभी होती, चष्मा कपाळावर सरकवून.

"हीच का ती? अरं देवा! आन् हिला मी सुली म्हनले?" ती माझ्याकडे वळली. "कोन रं ही?"

"माझ्या सासूबाई."

"नाकावरून वाटलंच, सुली न्हवं." मग ती भिमाजीकडे वळली. "भिमा, ऐक. त्या दिशी मी या घरात येऊन, या बाईपुढं, या गिरनीवाल्याच्या गळ्यात पडून रडले. लय रडले. पुंजारामनं बघितलं आन् मला मागच्या दारानं नेलं. दुसऱ्या दिशी खरा फोटो दिसला, शेजारचं घर बी निळंच दिसलं, तवा कळलं. लाजंनं बोलले नाय. मला वाटलं, भायेर कुनाला कळलं नाय, बरं झालं. तू रागावलास ते मजेत म्हनाला म्हनून, असंच मला ठाव. काल तू म्हनालास, 'हसला कशाला ते त्यानं सांगितलं नाय'. रातभर झोप नाय मला. तुझा फोन आला तवा मी नुकती आत येऊन बसले व्हते. तो मलाच हसला, भिमा. आन् माझी अब्रू जाऊ नये म्हनून वरीसभर गप बसला."

भिमाजी पुंजाभाऊंकडे वळला. "खरं दाजी?"

पुंजाभाऊंनी मान खाली घातली. "तुझ्या ताईचा नेम होता. रोज एक मजा शोधून आणायची आणि संध्याकाळी तिला सांगायची. तीन दिवस काही दिसतच नव्हतं मला. आणि एकदम हे दिसलं. आत्या रडतायत, हा गोरक्ष वाटाण्याची शेंग धरून रडतोय… बोळातून येताना मी मनातल्या मनात जुळवत होतो, सुलाला हे कसं सांगायचं, आधी नाक सांगायचं की आधी शेंग. ती नाहीये हे विसरलोच होतो बघ. तेवढ्यात तुझा फोन."

भिमाजी माझ्या दिवाणावर बसला. दोन्ही हातांत तोंड धरलं. खांदे हलत होते. रडतोय की काय म्हणून मैनानं पाणी आणलं. त्यानं वर बघितलं, समोर सासूबाई दिसल्या, आणि नाकातून फुर्रकन आवाज आला.

"ताईनं ऐकलं असतं ना दाजी…"

"चहा सांडला असता."

"कप फुटला असता!" भिमाजी म्हणाला आणि मग आम्ही सगळेच, स्मृतिदिनाच्या सकाळी, दार उघडं टाकून, हसलो. बायडाबाई सगळ्यांत मोठ्यानं. गल्लीतले लोक डोकावून गेले. डोकावू देत.

हसणं ओसरल्यावर भिमाजी उठला, डोळे पुसले, आणि पुंजाभाऊंच्या समोर उभा राहिला.

"जय भीम दाजी. कसे आहात?"

मैनानं माझा हात धरला. पुंजाभाऊंनी बोटं नसलेल्या जागेवर अंगठा फिरवला. आवाज निघाला तो मधेच तुटला, 'म' एकीकडे आणि 'जेत' दुसरीकडे. पण निघाला.

भिमाजी मग बाजूच्या निळ्या घरात गेला, आणि तिथं दुपारी दोनदा भात मागून घेतला. निघताना बायडाबाई माझ्या गिरणीपाशी थांबली. "गिरनीवाल्या, वरीसभर तू बी गप बसलास म्हनं. मैना सांगत व्हती, लय हाल झाले तुझे."

"झाले आजी."

"सांग आता समद्यांना. आता मलाच लाज नाय, तर तुला कशाची?"

संध्याकाळी सुलाबाईंच्या वेळेला पलीकडे फोन वाजला. स्पीकरवर अर्थातच. आम्ही टीव्ही बारीक केला.

"दाजी, पोहोचलो आम्ही. कसे आहात?"

"मजे… त!" 'जे' असा लांबला की आमच्या मांडणीवरचे डबे वाजले.

मागून बायडाबाईचा आवाज आला, "आरं भिमा, मजेत हायेत ते बरं झालं. पन कुनाच्या घरातून बोलत्यात, ते आधी इचार!"